भिंतीवरचा नऊ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी धाराशिवला होते. शाळेच्या कामासाठी एका कार्यालयात कागद द्यायचे होते आणि रांगेत माझ्या पुढं अजून चार माणसं होती. "ताई, या," एवढंच वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. "लवकर या" नाही की "जमलं तर या" नाही. आमच्याकडं आजारी माणसाच्या घरून नुसतं "या" आलं की पुढचं विचारायचं नसतं. तरी मी रांगेतून हलले नाही. कागद दिले, पोच घेतली, पोचेवरचा शिक्का नीट उमटलाय का तेही पाहिलं आणि मग स्टँडवर आले. अण्णाला जाऊन तेव्हा अर्धा तास झाला होता, हे मला उमरग्याला पोचल्यावर कळलं. पण खरं सांगायचं तर रांगेतच कळलं होतं... म्हणूनच हलत नव्हते. तुळजापूर, नळदुर्ग करत बस निघाली. या रस्त्याच्या कडेला एकेकाळी अण्णाच्या हातानं रंगवलेल्या जाहिरातींच्या भिंती होत्या. बियाण्यांच्या, सिमेंटच्या, शिकवण्यांच्या, जनावरांच्या दवाखान्याच्या. रस्ता रुंद झाला तेव्हा बऱ्याच पडल्या, उरलेल्या फ्लेक्सखाली गेल्या. अडीच तास मी खिडकीला डोकं लावून बघत होते. एकही दिसली नाही.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. उमरग्यात आणि आसपासच्या खेड्यांत त्याला सुभाष पेंटर म्हणून ओळखायचे. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आई-वडिलांच्या दोन्ही बाजूंत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी सांगते, कारण ते सांगण्यासारखंच आहे आणि अण्णाही ते सगळीकडं सांगत सुटायचा. निकाल लागला त्या दिवशी त्यानं आमच्या घराच्या दारावर माझं नाव लिहिलं आणि पुढं "बी.एस्सी., गणित". नावापेक्षा पदवीची अक्षरं मोठी. वडील म्हणाले, "आरं, घर माझं हाय का तिचं?" अण्णा ब्रश पुसत म्हणाला, "आजपासनं पोस्टमन तिच्या नावानं ईल. तुमच्या नावानं कोन पत्र लिवतंय?"

तो स्वतः दहावीला नापास झाला होता. फक्त भूमितीत. आणि त्याच्याइतक्या देखण्या आकृत्या वर्गात कुणाच्या नव्हत्या, हे त्याचे त्यावेळचे मित्र आजही सांगतात. कंपास मोडकी होती, म्हणून दोऱ्याला पेन्सिलीचा तुकडा बांधून तो वर्तुळ काढायचा आणि ते वर्तुळ बरोबर यायचं. त्रिकोण काढला की उभा राहायचा वहीत. पण आकृतीखाली पक्ष, साध्य, सिद्धता लिहायची वेळ आली की पान कोरं. पुढं मी नववीत सिद्धता पाठ करायला लागले, तेव्हा तो निवडणुकीच्या भिंती रंगवत होता. मला चिडवायचा, "मास्तरीण, माझ्या भितीवर चार-चार पक्ष हायत. तुमच्या भूमितीत एकच? मग निवडून तर त्योच येनार की. सिद्ध कशाला करत बसायचं?" मी पुस्तक फेकून मारायची. मला राग यायचा तो चिडवण्याचा नाही. इतकं सरळ त्याला कळत कसं नाही, याचा. हा राग माझ्यात पुढंही राहिला. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्या घरच्यांचा येतो तसला राग... त्याला फार चांगलं नाव देता येत नाही.

मी धाराशिवला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, तेव्हा अण्णाला शाळांची कामं मिळायला लागली. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंती बोलक्या करायच्या होत्या. फळं, प्राणी, पाढे, नकाशे आणि वरच्या वर्गांसाठी भूमितीच्या आकृत्या. अण्णानं एक चौकट तयार केली होती, "त्रिकोणाचे गुणधर्म". तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश. कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा जास्त. मोठ्या बाजूसमोर मोठा कोन. दोन बाजू सारख्या तर त्यांच्या समोरचे कोनही सारखे. प्रत्येक ओळीशेजारी एक त्रिकोण, पिवळ्या जमिनीवर लाल रेषा, निळे आकडे. हे सगळं दर शाळेत नव्यानं आखत बसायला नको म्हणून त्यानं त्याचे छापे कापून ठेवले होते. उमरग्याच्या दवाखान्यांतून जुन्या एक्स-रेच्या फिल्म आणायच्या आणि ब्लेडनं त्यांतून आकृत्या, आकडे कापायचे. फिल्म भिंतीला लावायची, वरून ब्रशनं टिपायचं, आकडा तयार. एक छापा, एकोणीस शाळा. खाली कोपऱ्यात मात्र छापा नाही, तिथं हातानं सही, "सुभाष पेंटर".

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या गावच्या शाळेनं मला झेंडावंदनाला बोलावलं. गावची पहिली बी.एस्सी. मुलगी, आता उमरग्यात हायस्कूलला गणित शिकवते, म्हणून. खुर्चीवर बसले तर समोरच अण्णाची चौकट. दुसऱ्या ओळीशेजारचा त्रिकोण पाहिला आणि माझं बाकी कशात लक्ष लागेना. त्याच्या बाजू लिहिल्या होत्या, चार सेमी, पाच सेमी, नऊ सेमी. ज्याला गणित शिकवायची सवय आहे त्याला हे खड्यासारखं टोचतं. चार आणि पाच मिळून नऊच होतात, नऊपेक्षा जास्त होत नाहीत. म्हणजे त्या दोन बाजू तिसरीवर आडव्या पडतात. त्रिकोण होतच नाही, नुसती रेघ राहते. आणि शेजारी ठळक अक्षरांत लिहिलंय, "जास्त असते"!

मी भाषणाला उभी राहिले आणि माईकवरच बोलले. "आमचे अण्णा भूमितीत नापास झाले होते. त्याचा पुरावा त्यांनी भिंतीवर सहीसकट लावून ठेवलाय." सगळे हसले. अण्णा मागं झेंड्याच्या दोरीपाशी उभा होता, तोही हसला. हेडमास्तरांना मात्र पटेना. "मॅडम, चार आन् पाच नऊ. बेरीज तर बरोबरच हाय की!" पुन्हा हशा, या खेपेला माझ्यावर. मग मी हट्टालाच पेटले. खराट्याच्या काड्या मागवल्या, पुढं बसलेल्या सहावीतल्या एका मुलीला बोलावलं आणि पट्टीनं मोजून तुकडे करायला लावले. ती जोडायला बसेना. म्हणाली, "आमी केलतं की हे. न्हाय जुळत. गुर्जी म्हन्ले, तुमच्या काड्या वाकड्या हायत."

कुणी हसलं नाही मग. मी त्या मुलीला काय सांगितलं ते आठवत नाही. तिच्या काड्या सरळ होत्या, एवढं तरी सांगितलं असेन, अशी आशा आहे.

घरी आलो. जेवताना मी पुन्हा विषय काढला. "अण्णा, हे आकडे तुला दिले कुणी?" तो ताटात बघत म्हणाला, "आसंल कुठनं तरी. पुस्तकातनं घेतलं आसंल." वहिनी भाकरी टाकत होत्या. तव्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "पुस्तकातनं कशाला? ताईंनीच लिवून दिल्तं. मी व्हते की स्टँडवर." अण्णा म्हणाला, "तू भाकरी बघ, करपाया लागली." आणि मला लख्ख आठवलं. उमरग्याचं स्टँड. सुट्टी संपवून मी धाराशिवच्या बसमध्ये बसलेली. अण्णानं खिडकीतून वहीचं पान आत सरकवलं. "मास्तरीण, ह्या ओळीला एखादा त्रिकोन दे गं, आकडे घालून." गाडी सुरू झालेली. मी गुडघ्यावर पान धरलं, चार आणि पाच लिहिलं, बेरीज मनात केली आणि तीच तिसऱ्या बाजूला लिहून टाकली. पानाकडं परत बघितलंही नाही. शिकलेल्या बहिणीनं दिलं म्हणजे बरोबरच असणार, म्हणून त्यानंही नाही.

"माईकवर का नाही बोललास तू?" मी विचारलं. तो म्हणाला, "काय बोलू? तुज्या नावाम्होरं डिग्री हाय. ती गेली तर काय ऱ्हातंय? माज्या नावाम्होरं नुसतं पेंटर. त्याला काय धक्का लागतोय?"

जी चूक मी माईकवर त्याच्या गळ्यात घातली, ती मी माईकवरच परत घ्यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन हेडमास्तरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हणून इथं लिहिते. एकोणीस शाळांच्या भिंतींवर जो नऊ होता, तो माझा होता. सुभाष पेंटरचा नव्हता.

अण्णा मात्र त्या आठवड्यापासूनच कामाला लागला. गाडीच्या हँडलला पिवळ्या रंगाचा डबा अडकवायचा आणि निघायचा. नऊ मिटवून तिथं सहा करायचा. चार आणि पाच नऊ, आणि नऊ सहापेक्षा जास्त, हे तो आता दिसेल त्याला समजावून सांगायचा. ज्या पोराला सिद्धतेची एक ओळ लिहिता आली नव्हती, तो चाळिशी ओलांडल्यावर शाळेच्या ओट्यावर बसून काड्या मांडून दाखवत होता. पण अडचण वेगळीच निघाली. मास्तर लोक ऐकेनात. रंगवलेली भिंत कशाला खराब करता, वरून पत्र आणा, बेरीज बरोबर आहे की... एके दिवशी तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "पेंटरचं कोन ऐकतंय गं? तू चल. तू बोल, म्या रंगवतो. तू सोबत आसलीस की गप बसत्यात." मी एकदा गेले. लोहाऱ्याकडच्या एका शाळेत. मी पाच मिनिटं बोलले, मास्तरांनी मान डोलावली, अण्णानं वीस मिनिटांत सहा उभा केला. मुलं जमली, तर त्यानं कागदाचा एक मोठा त्रिकोण कापला, त्याचे तिन्ही कोपरे फाडले आणि शेजारी शेजारी ठेवले. तीन टोकं मिळून सरळ रेघ. "हे बगा एकशे ऐंशी. पाठ करू नका, फाडा." मुलं कागद फाडायला पळाली. परत येताना तो गाडीवर गुणगुणत होता.

त्यानंतर त्यानं मला चार वेळा बोलावलं. चारही वेळा मला काम होतं. पेपर होते, निकाल होते, एकदा तर खरंच काही नव्हतं. भर उन्हात माझीच चूक मास्तरांना समजावून सांगत गावोगाव फिरायची मला लाज वाटत होती, हे खरं कारण. त्याला ते कळलं असणारच. ज्यांनी ऐकलं अशा अकरा शाळा झाल्या. आठ राहिल्या. त्या आठही ठिकाणी त्याला परत पाठवलेलं होतं, आणि त्या आठही ठिकाणी मी गेले असते तर काम झालं असतं.

पावसाळ्यात खोकला सुरू झाला. उमरग्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. आमच्याकडं एक्स-रेला फोटोच म्हणतात. सोलापूरला दाखवा म्हणाले. अण्णाचं म्हणणं, आधी राहिलेलं काम उरकतो. पण हात थरथरायला लागला होता, ब्रशला सरळ रेघ येईना. आकडा तर छाप्यानंही उमटवता येतो, पण जुन्या फिल्म संपल्या होत्या आणि दवाखाने आता साध्या कागदावरच चित्र काढून देतात, ते कापायच्या उपयोगाचं नाही. उमरग्याच्या त्या दवाखान्यात मात्र अजून जुन्या पद्धतीची जाड फिल्म मिळाली होती. आम्ही सोलापूरला गेलो. मोठ्या डॉक्टरांनी आधीचा फोटो मागितला. मी पिशवीतून लिफाफा काढून दिला. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि बघतच राहिले. फासळ्यांच्या मधोमध, उजव्या फुफ्फुसाच्या जागी, स्वच्छ पांढरा उजेड येत होता. "६ सेमी".

"हे कुणी लिहिलं?" डॉक्टर चिडले. "गाठ सहा सेमीची आहे हे कुणी मोजलं? असं फिल्मवर लिहितात का?"

अण्णा खुर्चीवरून वाकून म्हणाला, "गाठ न्हाय साहेब. तिसरी बाजू हाय ती."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी अण्णावर ओरडले, "अरे, तुझा रिपोर्ट आहे तो! कापायला दुसरं काही मिळालं नाही?" तो म्हणाला, "चांगली जाड हाय गं. आन् माजीच तर हाय. कुनाची मागून आनली का?" नवीन फोटो काढला. गाठ सहाहून थोडी लहान होती. पण डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला, तेव्हाच मी समजले. त्यानंतर अण्णाचं बाहेर पडणं बंद झालं. त्या छाप्यानं त्यानं एकही सहा उमटवला नाही.

अण्णा गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारासमोर मांडव होता, चार गावचे लोक आले. बोलायला उभे राहिलेले सगळे म्हणाले, सुभाषरावांनी बहिणीला शिकवलं, बहिणीचं नाव मोठं केलं. मला बोलायला सांगितलं. मी उठले नाही.

पंधरा दिवसांनी वहिनींकडून तो छापा मागून घेतला आणि आठ शाळांपैकी एक निवडली. कर्नाटकच्या हद्दीजवळची. का निवडली तेही सांगते. मुलांचा पट कमी झाला म्हणून ती शाळा मधल्या काळात बंद झालेली आहे. म्हणजे तिथं मला कुणाशी बोलावं लागणार नव्हतं, कुणाला चूक समजावून सांगावी लागणार नव्हती. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंकडं किल्ली होती. व्हरांड्यात तुरीची पोती रचलेली. पोत्यांमागं अण्णाची चौकट, जशीच्या तशी. त्यानं चांगला ऑइलपेंट वापरला होता, एक अक्षर उडालेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "पोरं आता बसनं जात्यात, विंग्रजी साळंला. तुमी कोनासाठी करायलाव हे?" मी डब्याचं झाकण उचकटलं. नऊवर पिवळा रंग लावला, तर दुकानातला पिवळा अण्णाच्या पिवळ्याशी जुळेना. त्यात तो काय मिसळायचा, कुणाला माहीत... कधी विचारलंच नाही. तो वाळेपर्यंत पोत्यावर बसून राहिले. मग छापा लावला, निळा टिपला. ब्रशला रंग जास्त झाला होता, तो फिल्मखाली पसरला. सहा उमटला खरा, पण सुजल्यासारखा, भोवती भलत्याच पिवळ्याचं ठिगळ. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, आदीचंच बरं दिसत व्हतं की."

खाली "सुभाष पेंटर" ही सही तशीच आहे. आता ते ठिगळही त्याच्याच नावावर गेलं.

परत येऊन मी वहिनींच्या अंगणात फिल्म टर्पेंटाइननं धुवायला बसले. निळा रंग फासळ्यांवर ओघळला होता. वहिनी आल्या, बघितलं आणि माझ्या हातातून ती काढून घेतली. पदरानं पुसायला लागल्या. पुसून होईना, तर तशीच छातीशी धरली. "आता बास करा ताई," त्या म्हणाल्या. "भितीवरचा फोटो लग्नातल्या फोटोतनं कापून घेतल्याला हाय. त्यात ते दुसरंच कुनी वाटत्यात. खरा ह्योच हाय त्यांचा. आतला." फिल्म त्यांनी ट्रंकेत ठेवली, त्याच्या सदऱ्यांखाली.

सात भिंती राहिल्या आहेत. त्या सातही शाळा चालू आहेत, तिथं मुलं आहेत आणि बोलावं लागेल अशी माणसंही आहेत. नवा छापा कापायला काय लागतं? जाडसर पुठ्ठा आणि अर्धा तास. मी कापलेला नाही. मागच्या रविवारी गेले तेव्हा वहिनी आपणहून म्हणाल्या, "पायजेच आसंल तर न्या, ताई. मी काय आडवी येत न्हाय." ट्रंकेचं झाकणही उचललं त्यांनी. मी म्हणाले, राहू द्या. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, असं त्यांना वाटलं.

पिवळ्या रंगाचा डबा माझ्या घरी दारामागं आहे. इतक्या दिवसांत वर साय धरली असेल. उघडून बघितलेलं नाही.